वाटणीच्या आधीचा कारभार

माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या पैशाअडक्याबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : कोणाला किती? तेराव्यापर्यंत तो कोणी उघड बोलत नाही, पण त्यानंतर तो टाळता येत नाही. वकिलाकडे जाणारा माणूस तोच विचारतो आणि कायद्यावरची सदरेही त्याचीच उत्तरे देतात. या पुस्तकाचा विषय त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. मृत्यूच्या क्षणापासून वाटणी पुरी होईपर्यंत ती मालमत्ता सांभाळायची कोणी? भाडेकरूकडून भाडे कोणी घ्यायचे आणि पावतीवर सही कोणाची? गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीची वर्गणी, विहिरीवरच्या मोटारीचे वीजबिल कोणत्या पैशांतून भरायचे? दुकानातल्या नोकराचा थकलेला पगार कोणी चुकता करायचा? गेलेल्या माणसाच्या उत्पन्नाचे प्राप्तिकर विवरणपत्रही त्याच्या वतीने कोणीतरी भरावे लागते. कोणाला किती याबद्दल वारसांत काडीचाही वाद नसला तरी यांतल्या एकाही गोष्टीचा निकाल त्यातून लागत नाही. वारसांमधल्या कितीतरी भांडणांचे मूळ हिश्शात नसते. हिश्शाआधीच्या या मधल्या काळाला धनी नसतो, त्यात असते, असे माझे म्हणणे आहे. ज्याला आपल्या मागे घर सुरळीत राहावे असे वाटते त्याने 'कोणाला काय' ठरवताना 'कोण पाहील' हेही तितक्याच काळजीने ठरवले पाहिजे. ही प्रस्तावना त्याच एका मुद्द्यासाठी आहे.

आपल्या वाचकाला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नावाने तरी माहीत असतो. पहिल्या वर्गाचे वारस कोण, विधवेचा हिस्सा किती, मुलगी आणि मुलगा समान कसे, हे सारे त्यात आहे. मात्र वारसांची यादी दिल्यावर मालमत्ता त्यांच्या हाती पडेपर्यंत तिचा कारभार कोणी आणि कसा करावा, याबद्दल तो कायदा काही सांगत नाही. ते सांगणारा कायदा वेगळा आणि जुना आहे : भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. मृत्युपत्र करणाऱ्याने ज्याच्यावर त्याची अंमलबजावणी सोपवली तो निष्पादक, म्हणजे आपण बोलताना ज्याला एक्झिक्युटर किंवा व्यवस्थापक म्हणतो तो. असा कोणी नेमलेला नसेल तर न्यायालय जो नेमते तो प्रशासक. या कायद्याच्या २११व्या कलमात एक मोठी गोष्ट थोडक्यात सांगितली आहे : निष्पादक किंवा प्रशासक हा सर्व कामांसाठी मयताचा कायदेशीर प्रतिनिधी असतो आणि मयताची मालमत्ता त्या नात्याने त्याच्या ठायी निहित होते. ती त्याच्या मालकीची होत नाही, पण तिच्याबद्दल बोलण्याचा, सही करण्याचा, येणे वसूल करण्याचा आणि देणे देण्याचा अधिकार त्याला मिळतो. कायद्याने मधल्या काळाची पोकळी मान्य केली आणि ती भरून काढायला एक माणूस उभा केला.

या माणसाने काय करायचे याचा क्रमही त्या कायद्यात आहे आणि तो वाचण्याजोगा आहे. आधी अंत्यसंस्काराचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग न्यायालयीन कामाचा खर्च. त्यानंतर मयताकडे मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या मजुराचे, कारागिराचे किंवा घरगड्याचे वेतन. मग बाकीची कर्जे, तीही कोणा एका सावकाराला झुकते माप न देता, पैसे कमी पडले तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात. हे सारे फिटल्यावर मृत्युपत्रातली दाने, आणि उरेल ते उरलेल्या हक्कदारांना. घरकाम करणाऱ्या बाईचा थकलेला पगार मुलाच्या हिश्शाच्या आधी येतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या क्रमात एक नीती आहे. गेलेल्या माणसाची जबाबदारी त्याच्याबरोबर जळून जात नाही आणि वारस म्हणजे त्याच्या देण्यांच्या रांगेत शेवटी उभा राहणारा माणूस. याज्ञवल्क्यानेही आईवडिलांच्या मागे मुलांनी धन आणि ऋण दोन्ही सारखे वाटून घ्यावे असे सांगितले आहे. इस्लामी वारसाकायद्यातही आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्र आणि त्यानंतर वारसांचे हिस्से असा क्रम आहे, आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला 'वसी' म्हणून स्पष्ट स्थान आहे. देणे आधी, घेणे नंतर, याबद्दल परंपरांचे एकमत आहे. हे देणे द्यायचे कोणाच्या हाताने, एवढेच आपण विसरलो.

विसरण्याला कारण आहे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मृत्यूने मालमत्तेच्या कारभारात खंड पडत नसे. वडील गेले की त्यांचा अविभक्त हिस्सा उरलेल्या सहदायादांत मुरे, आणि थोरला भाऊ किंवा चुलता कर्ता म्हणून पुढे चालू ठेवी. जिथे कर्ता आपोआप ठरतो तिथे मृत्यूनंतरचा व्यवस्थापक वेगळा नेमण्याची गरजच नव्हती. २११व्या कलमानेही अशा उत्तरजीवित्वाने जाणाऱ्या मालमत्तेला हात लावलेला नाही. ब्रिटिश अंमल बसल्यानंतर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात जे नियम झाले त्यांतला १८२७चा आठवा नियम याच समजुतीवर उभा आहे. वाद नसेल तर वारसाने न्यायालयाच्या दारात न जाता मयताच्या मालमत्तेचा कारभार हाती घ्यावा, हीच इष्ट गोष्ट, असे तो मानतो. पण जिथे कोणाला औपचारिक मान्यता हवी असेल तिथे वारस दाखला, आणि जिथे मालमत्तेला वालीच नसेल तिथे न्यायालयाने नेमलेला व्यवस्थापक, अशी सोयही तो करून ठेवतो. महाराष्ट्रात आजही दिवाणी न्यायालयातून निघणारा वारस दाखला या जवळजवळ दोनशे वर्षांच्या नियमाखाली निघतो.

आज ते कुटुंब राहिलेले नाही, त्याची समजूत मात्र राहिली आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना १९५६पासून स्वतंत्र, वेगळे हिस्से मिळतात. ९ सप्टेंबर २००५पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने सहदायाद झाली, आणि तिचे वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये पक्के केले. एका मयताच्या मागे आता पुण्यातली मुलगी, न्यू जर्सीतला मुलगा, साताऱ्याच्या घरात राहणारी पत्नी आणि गेलेल्या मुलाची अज्ञान मुले असे चार ठिकाणचे हक्कदार असतात आणि त्यांतला कोणीही दुसऱ्याचा कर्ता नसतो. तरीही कारभाराचा विषय निघाला की उत्तर येते, 'थोरला बघेल की.'

या उत्तरामागे चांगुलपणा आहे, आणि पुष्कळ घरांत थोरल्याने खरोखरच प्रामाणिकपणे पाहिलेले असते. आक्षेप असा घेतला जातो की घरचा माणूस घरचे काम करत असताना कागदावर व्यवस्थापक नेमणे म्हणजे अविश्वास दाखवणे. याला महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यानेच उत्तर दिले आहे. आपल्या जुन्या अधिकार अभिलेखांत कित्येक जमिनींवर एकाच भावाचे नाव असते आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' लिहिलेले असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. वडिलांच्या मृत्यूनंतर सगळ्यांची नावे लावत बसण्यापेक्षा थोरल्याचे नाव लावावे, तो कारभार पाहील, या सरळ हेतूने त्या नोंदी झाल्या. पुढे तो भाऊ गेला, त्याच्या मुलांची नावे वारस म्हणून लागली, 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरे कुठल्यातरी फेरफारात गळून पडली, आणि धाकट्यांची मुले आपल्याच आजोबांच्या जमिनीत परकी ठरली. कारभारी आणि मालक यांतला फरक कागदावर नीट सांभाळला नाही की दोन पिढ्यांत कारभारी मालक होतो, त्याच्या मनात तसे नसले तरीही. ज्याला अधिकार आहे पण ज्याच्या अधिकाराला मुदत नाही, हिशेब नाही आणि लेखी मर्यादा नाही, त्याच्यावर विश्वास टाकणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. कायद्याचा व्यवस्थापक नेमका इथे वेगळा आहे. न्यायालयाकडून अधिकारपत्र घेतल्यावर त्याने सहा महिन्यांत मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी न्यायालयात द्यायची असते, वर्षभरात जमाखर्च द्यायचा असतो, आणि त्याने मालमत्तेची वाट लावली तर नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे असते. २०२५ साली राज्य सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला सुरुवात केली. गेलेल्या माणसांची नावे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर राहतात म्हणून मोहीम काढावी लागली, यातच वारस नोंदीचे काम कोणा एकाचे म्हणून ठरलेले नसते हे आले. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, तो महसुलापुरता असतो, हेही न्यायालये पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत.

दुसरे उत्तर शहरी आहे : 'आम्ही सगळीकडे नॉमिनी लावला आहे.' या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला जितके निर्धास्त केले तितके दुसऱ्या कशानेही केले नसेल. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या संदर्भात स्पष्ट सांगितले की नॉमिनी म्हणजे रक्कम स्वीकारणारा हात. ती रक्कम शेवटी वारसांची. शेअर्सच्या बाबतीत मात्र २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी उलट निर्णय दिला आणि नॉमिनीच मालक होतो असा समज पसरला. तो खंडपीठाने २०१६मध्ये बदलला आणि अखेर १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायमचा मिटवला. ते प्रकरण 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीचे होते. त्यांनी मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमले होते. या दोहोंत वरचढ काय, हा प्रश्न होता. शेअर्सवरच्या नॉमिनेशनने वारसाहक्काचा कायदा बाजूला सारला जात नाही, असे न्यायालयाने ठरवले. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी जे कलम आले त्यानेही नॉमिनीला तात्पुरता सभासद एवढेच स्थान दिले, खरा वारस ठरेपर्यंत. अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवले पाहिजेत : २०१५च्या विमा दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांना विम्यात नॉमिनी केले असेल तर त्यांना ती रक्कम स्वतःची म्हणून मिळते. पण एरवी नॉमिनी हा एकेका खात्यापुरता रखवालदार असतो.

त्यातूनच अडचण उभी राहते. बँकेत पत्नी, विम्यात थोरला, म्युच्युअल फंडात मुलगी, सोसायटीत धाकटा, असे चार नॉमिनी असले तर चार रखवालदार झाले. सबंध मालमत्तेचा हिशेब ठेवणारा आणि कर्जे फेडणारा एकही नाही. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ही सोय चांगली आहे, पण तिने हातांची संख्या वाढली, डोके मिळाले नाही. आणि जिथे नॉमिनीही नसतो, किंवा खात्याची घरात कोणाला कल्पनाच नसते, तिथले पैसे दहा वर्षे पडून राहिल्यावर रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. मार्च २०२४अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये जमले होते. ते सगळे मयतांचे नसतील, पण कोणाच्यातरी मागे राहिलेल्या आणि कोणीच हिशेबात न धरलेल्या ठेवींचा त्यात मोठा वाटा असणार, हे समजायला आकडेशास्त्री लागत नाही. ते पैसे हक्कदाराला परत मागता येतात. मागायला आधी कोणालातरी ते आहेत हे माहीत असावे लागते. मयताच्या मालमत्तेची यादी करणे हे ज्याचे कर्तव्य आहे असा माणूस घरात असता तर त्यातल्या कित्येक रकमा तिथवर पोचल्याच नसत्या.

एक तिसरा मार्गही पुष्कळ घरे धरतात आणि तो सर्वांत धोक्याचा आहे. वडिलांनी हयातीत मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलेले असते, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही मुलगा त्यावर व्यवहार करत राहतो. किंवा एटीएम कार्ड आणि पिन घरात असतात म्हणून पैसे काढत राहतो. देणारा गेला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपते. मयताच्या मालमत्तेत अधिकाराशिवाय ढवळाढवळ करणाऱ्याला कायदा 'स्वतःच्या अपकृत्याने झालेला निष्पादक' मानतो : व्यवस्थापकाचे अधिकार त्याला मिळत नाहीत, हाती घेतलेल्या मालमत्तेची जबाबदारी मात्र येते. कायदा निर्दयही नाही. अंत्यसंस्कारासाठी, वस्तू जपून ठेवण्यासाठी किंवा कुटुंबाच्या तातडीच्या गरजेसाठी कोणी हात घातला तर तो या दोषातून सुटतो. त्यापलीकडे गेल्यावर मात्र चांगल्या हेतूचा बचाव पुरत नाही.

इथे सर्वांत जड आक्षेप उभा राहतो, आणि त्याला उत्तर द्यायचे तर महाराष्ट्राच्या इतिहासातल्या एका नावाजलेल्या खटल्याकडे जावे लागते. आक्षेप असा : घरच्यांवर कोणी तिऱ्हाईत व्यवस्थापक बसवला तर तोच उद्या मालमत्ता गिळेल, किंवा घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावील. ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाळ गंगाधर टिळक, दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही जणांवर सोपवली होती. मागे तरुण विधवा, ताईमहाराज. पोटी मूल यायचे होते. ते न जगल्यास विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, अशी तरतूद होती. मुलगा झाला, पण थोड्याच महिन्यांत गेला. या काळात टिळक राजद्रोहाच्या खटल्यात होते. सप्टेंबर १८९७मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि ते वर्षभरानंतर सुटले. इस्टेटीवर कर्ज होते आणि विश्वस्तांचा कटाक्ष खर्च आवरण्यावर होता. १९०१च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला. त्यानंतर ताईमहाराजांनी वेगळी भूमिका घेतली, कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले आणि विश्वस्तांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांच्या विरुद्ध निकाल दिला, त्यांच्यावर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला उभा राहिला, त्यात १९०३मध्ये दीड वर्षाची शिक्षा सुनावली गेली, आणि मार्च १९०४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र चालूच राहिला. टिळक मंडालेला जाऊन परत आले तरी तो संपला नव्हता. १९१५मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तकविधान वैध ठरवले. एका मृत्युपत्राच्या अंमलबजावणीला अठरा वर्षे लागली.

या प्रकरणाकडे आपण टिळकांच्या छळाची कथा म्हणूनच पाहत आलो, आणि सरकारी यंत्रणेने त्यांच्यावर डूख धरला होता यात मला शंका नाही. पण मयताच्या कारभाराचा विचार करणाऱ्याला त्यात आणखी काही दिसायला हवे. व्यवस्थापक प्रामाणिक होते, इस्टेट वाचवू पाहत होते. तरीही ताईमहाराजांच्या बाजूने पाहिले तर ऐन तारुण्यात विधवा झालेल्या एका बाईच्या घरखर्चापासून तिने कोणाला मांडीवर घ्यावे इथपर्यंत सगळे निर्णय तिच्या नवऱ्याने नेमलेल्या पुरुषांच्या हाती होते. मृत्युपत्राने व्यवस्थापकाला जे सोपवले त्यात इस्टेटीचा कारभार आणि घरातल्या स्त्रीचे आयुष्य यांची सरमिसळ होती. हा दोष व्यवस्थापक नेमण्याच्या कल्पनेचा नाही. किती आणि काय सोपवावे हे न ठरवण्याचा आहे. कर्जे फेडणे, भाडे गोळा करणे, हिशेब देणे, उरलेले ठरल्याप्रमाणे देऊन टाकणे, ही व्यवस्थापकाची कामे. कोणी कसे जगावे हे त्याचे काम नव्हे. टिळक तुरुंगात असताना कारभार थांबला नाही, कारण व्यवस्थापक एकटे टिळक नव्हते, ही गोष्टही घेण्यासारखी आहे. आणि तिऱ्हाईत माणूस कोर्टात गेला म्हणून तक्रार करणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की सख्ख्या भावांचे वाटणीचे दावे यापेक्षा कमी वर्षे चालतात असे नाही; फरक इतकाच की त्या दाव्यांच्या काळात विहिरीची मोटार आणि घराचे छप्पर पाहणारे कोणीच नसते.

व्यवस्थापकाला केंद्रस्थानी ठेवणारी पद्धत परकी, कागदी, साहेबी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी गोव्याकडे पाहावे. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे आणि आता २०१२चा गोव्याचा स्वतःचा उत्तराधिकार व इन्व्हेंटरीचा कायदा आहे, जो डिसेंबर २०१६पासून लागू झाला. तिथल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेत प्रथम ठरतो तो 'काबेसा द काझाल', म्हणजे वाटणी होईपर्यंत इस्टेट सांभाळणारा माणूस, आणि तो मान पहिल्यांदा हयात असलेल्या पती किंवा पत्नीचा. तिने शपथेवर मालमत्ता आणि कर्जे सांगायची, यादी करायची, कारभार पाहायचा. मग वारसांत बोली लागून किंवा संमतीने वाटणी. गोव्याच्या पद्धतीतही दावे रेंगाळतात, आणि वंशजांसाठी निम्मी इस्टेट राखून ठेवण्याची सक्ती सगळ्यांना पटेलच असे नाही. पण विधवेला आपल्या घरात कोणाच्या मेहरबानीवर राहायचे, हा प्रश्न तिथे पहिल्या दिवसापासून उरत नाही. आपल्याकडे नवरा गेल्यावर घराच्या किल्ल्या आणि चेकबुक मुलाच्या हातात देणारी आई विरळा नाही; गोव्याचा कायदा तिला म्हणतो, तू सांभाळ आणि हिशेब दे. महाराष्ट्राला ही गोष्ट कायदा न बदलताही करता येते. मृत्युपत्रात पत्नीला व्यवस्थापक नेमले की झाले.

आता प्रोबेटबद्दल. मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला उच्च न्यायालयाचे प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. कोलकाता आणि चेन्नईतही तसेच. पुण्या-नाशिकला ती सक्ती नव्हती. ही तफावत ब्रिटिशांनी मागे ठेवलेली होती. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ही सक्ती करणारे २१३वे कलम काढून टाकले. त्यावरून काही जण म्हणतात की आता व्यवस्थापकाचे महत्त्वच संपले. मला उलट वाटते. प्रोबेट हे व्यवस्थापकाच्या अधिकारावर न्यायालयाने मारलेले शिक्कामोर्तब. सक्ती गेली तरी शिक्क्याची सोय राहिली आहे, आणि प्रोबेट आजही मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळू शकते. शिक्का नसताना बँकेच्या, सोसायटीच्या, डिपॉझिटरीच्या टेबलावर मृत्युपत्र घेऊन उभा राहणारा माणूस कोण, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असणे अधिकच गरजेचे झाले. नाहीतर प्रत्येक संस्था सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र आणि हक्कसोडपत्रे मागणार, आणि परदेशातल्या एका सहीसाठी सगळे अडून राहणार. मृत्युपत्रच नसेल तर शेअर्स, ठेवी, येणी यांच्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते ऋणकोला निर्धास्तपणे पैसे देता यावेत म्हणून असते. जमीनजुमल्याच्या कारभाराला त्याचा उपयोग नाही.

'हे सगळे श्रीमंतांचे, आमच्याकडे आहे काय?' हा आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेतो, कारण तो करणाऱ्या माणसाचेच यात सर्वाधिक नुकसान होते. ज्याच्या मागे दोन फ्लॅट आणि एक कारखाना आहे त्याच्या वारसांकडे वकील असतो आणि वर्षभर वाट पाहण्याची ऐपत असते. ज्याच्या मागे भविष्य निर्वाह निधी, एक मुदत ठेव, पतसंस्थेतले कर्ज, गावाकडची दीड एकर आणि हातउसने घेतलेले वीस हजार आहेत, त्याच्या बायकोला महिन्याभरात पैसे हवे असतात. त्या बाईला तलाठ्याकडे वारस नोंद, बँकेत दावा, कारखान्यात ग्रॅच्युइटीचा अर्ज, पतसंस्थेत मुदतवाढ, हे सगळे एकाच वेळी आणि बहुतेकदा एकटीने करावे लागते. नवऱ्याने कोणाकडून किती घेतले आणि कोणाला किती दिले याची यादी तिच्याकडे नसते. दारात येणारा प्रत्येक जण सांगतो तो आकडा तिला खरा मानावा लागतो. दोन साक्षीदारांच्या सहीचा साध्या कागदावरचा एक मजकूर, त्यात तिचे नाव व्यवस्थापक म्हणून, आणि सोबत देण्याघेण्याची यादी, एवढ्याने तिची निम्मी कोंडी फुटते. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, आणि नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. मृत्युपत्र म्हणजे मरणाला बोलावणे, ही भीती अजून घराघरांत आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण विमा काढताना ती कोणाला वाटत नाही, एवढे मात्र विचारता येते.

राहता राहिला प्रश्न, नेमायचे कोणाला. मुलगा, मुलगी, पत्नी, विश्वासू मित्र, चार्टर्ड अकाउंटंट, यांपैकी कोणीही चालतो. वारसाला व्यवस्थापक होण्यास बंदी नाही, फक्त अज्ञान किंवा मनोविकल व्यक्तीला प्रोबेट मिळत नाही. मला स्वतःला असे वाटते की जिथे वारसांत आधीच दुरावा आहे तिथे वारसाबाहेरचा माणूस घ्यावा आणि त्याला मोबदला द्यावा, म्हणजे उपकाराची भाषा येत नाही. जिथे घर एकदिल आहे तिथे पत्नीला किंवा जवळ राहणाऱ्या मुलीला. 'जवळ राहणाऱ्या' हे महत्त्वाचे, कारण हे काम बँकांच्या काउंटरवर आणि तहसील कचेरीत करायचे असते. नेमण्याआधी त्या माणसाला विचारावे. नकार देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि तो नकार आपल्या मृत्यूनंतर कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. आपल्याच वयाच्या मित्राला नेमताना पर्यायी नाव लिहावे. कायद्याने मृत्युपत्रातली दाने देण्यासाठी मृत्यूपासून वर्षभराची सवड दिली आहे. तेवढ्या काळात घर चालण्यासाठी पत्नीला दरमहा किती द्यावे हे मृत्युपत्रातच सांगून ठेवावे, ताईमहाराजांसारखी वेळ कोणावर येऊ नये म्हणून. दोन व्यवस्थापक नेमले आणि काही लिहिले नाही तर प्रोबेट घेतलेला त्यांतला कोणीही एक सगळे अधिकार वापरू शकतो. तसे नको असेल तर घर किंवा जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतील, आणि वीजबिल व पगारासारख्या रोजच्या खर्चाला एकाची पुरेल, असे स्पष्ट लिहावे.